काकूंचे मोदक आणि ग्रुपमधली ती

मावशी, सलाम. मी वडगाव शेरीत राहते, वय ३६, माहेर नाना पेठेतलं, आमच्याकडे पणजोबांपासून ख्रिस्ती. आमच्या शेजारी एक काकू आहेत, त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती बसतो आणि गेली बारा वर्षं पहिल्या दिवशी दुपारी त्यांच्याकडून उकडीच्या मोदकांचा डबा येतो, आम्ही खातो, मला त्यात कधी काही वाटलं नाही. मीपण नाताळात त्यांच्यासाठी बिनअंड्याचा केक वेगळा करते. यंदा मी मोदकांचा फोटो स्टेटसला टाकला. आमच्या मंगळवारच्या प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये एक मुलगी आहे, दोन वर्षांपूर्वी विश्वासात आली, घरचे सगळे हिंदू. तिने पुढच्या मंगळवारी सगळ्यांसमोर विचारलं, ताई तुम्ही प्रसाद खाता? मी म्हटलं अगं त्यात काय एवढं, मूर्ती म्हणजे काही नाहीच, बायबलमध्ये प्रेषित पौलानेच लिहिलंय की. सगळ्या हसल्या, तीपण हसली. त्यानंतर ती आलीच नाही. मग तिचा मेसेज आला, की मीपण आईकडे प्रसाद खाल्ला ताई, तुम्ही खाता म्हणून, आणि रात्रभर झोप नाही लागली, आता मी ना इकडची ना तिकडची. मावशी, मी खरंच चुकीचं काही केलं का? आणि आता एका मुलीमुळे काकूंचे मोदक जन्मभर बंद का? उद्या कोणी म्हणेल टिकली काढ, परवा म्हणेल जीन्स नको, याला अंत आहे का?
– मोदकवाली

मोदकवाली बाई, सलाम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझी बाजू पटली, दुसऱ्यांदा त्या मुलीच्या मेसेजपाशी थांबले आणि तिसऱ्यांदा वाचताना मला माझाच एक जुना केक आठवला, त्याचं पुढे सांगते.

आधी तुझ्या वचनाबद्दल. तू जे सांगितलंस ते पौलाने करिंथ गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या अध्यायात आहे, बरोबर आहे, मूर्ती म्हणजे जगात काही नाही आणि देव एकच. पण तू सहाव्या ओवीपर्यंत वाचून पुस्तक मिटलंस गं. सातवी ओवी सुरूच होते ती "पण हे ज्ञान सगळ्यांना नाही" अशा अर्थाने. आणि त्यापुढे पौल जे लिहितो ते वाचलं तर वाटतं याने तुमच्या मंगळवारच्या ग्रुपमध्ये बसूनच लिहिलंय. तो म्हणतो, तुला ज्ञान आहे, तुला कोणी देवळात जेवताना पाहिलं, आणि ज्याचं मन अजून त्याबाबत कच्चं आहे त्याला तुझ्याकडे बघून धीर आला आणि त्यानेही खाल्लं, तर तुझ्या ज्ञानाने तो भाऊ बुडाला, ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला तो. बघ, ती तुझ्यावर चिडली असं नाही झालं, तिने तुझं बघून ते केलं जे तिच्या मते पाप होतं. अडखळण म्हणतात ती हीच. आपल्याकडे हा शब्द फार स्वस्त झालाय, कुणाला काही आवडलं नाही की "मला अडखळण झालं", पण आवडलं नाही म्हणजे अडखळण नव्हे. अडखळण म्हणजे माणूस पडतो.

करिंथमध्ये हा प्रश्न पुस्तकी नव्हता. पौल त्या गावात दीड वर्ष राहून आलेला, तिथलं त्याला सगळं माहीत होतं. साध्या माणसाच्या ताटात मटण काही रोज नसायचं, ते मिळायचं सणाला, आणि सण म्हणजे देऊळ. तिथे खोदकामात अस्क्लेपियस नावाच्या देवाच्या देवळाला लागून जेवणाच्या खोल्या सापडल्यात, म्हणजे आपल्याकडे देवस्थानाचा हॉल असतो ना, बारसं तिथे, वाढदिवस तिथे, तसं काहीसं समज. बाजारात जे विकायला यायचं त्यातलंही काही देवाला दाखवून आलेलं. त्यामुळे खावं की नाही हा प्रश्न सारखा दारात उभा असायचा, तुझ्याकडे तर तो वर्षातून एकदा डब्यात घालून येतो.

आणि पौलाचं उत्तर एका ओळीचं नाहीये, हे मला फार आवडतं त्याच्याबद्दल. आठव्यात म्हणतो, माझ्या भावाला त्याने अडखळण होणार असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. दहाव्यात म्हणतो, बाजारात जे मिळतं ते खा, चौकशा करत बसू नका, कोणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते खा. पण कोणी सांगितलं की हे देवाला दाखवलेलं आहे, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. आणि त्याच दहाव्यात हेही म्हणतो की प्रभूच्या मेजावर आणि दुसऱ्या मेजावर दोन्हीकडे बसता येत नाही. त्यामुळे आपल्यातले बरेच जण प्रसाद अजिबात घेत नाहीत, त्यांना तू जुनाट म्हणू नको, त्यांच्या हातातही तेच पत्र आहे. मी स्वतः दिवाळीचा फराळ खाते, पुरणपोळी आली तर तुपासकट खाते, आणि कोणी हातावर ठेवून "प्रसाद आहे हं" म्हटलं तर हात जोडून नको म्हणते. हे माझं. तुझं वेगळं असू शकतं, त्यावरून मी तुझ्याशी भांडणार नाही. तुझं खाणं हा माझ्या लेखी या पत्रातला मुख्य मुद्दाच नाही.

मुद्दा तुझं उत्तर आहे. "अगं त्यात काय एवढं."

आता तो केक. वीस-बावीस वर्षं झाली असतील. आमच्या मंडळीत एक गृहस्थ होते, आठ महिने झाले होते दारू सोडून, आठ महिने म्हणजे काय ते त्यांच्या बायकोला विचारावं. नाताळाच्या आदल्या रविवारी महिला मंडळाचा चहा होता आणि मी माझा प्लम केक नेलेला, मनुका-बेदाणे ऑक्टोबरपासून रममध्ये भिजवलेले, मला त्या केकचा भारी अभिमान. त्यांनी तुकडा उचलला, तोंडापाशी नेला आणि वास आल्यावर तसाच परत प्लेटमध्ये ठेवला. म्हणाले, बाई यात काही घातलंय का. आणि मी, सगळ्यांसमोर, हसत म्हणाले, अहो भाजल्यावर दारू राहते कुठे त्यात! (राहते, थोडी राहते, हे मला नंतर कळलं, पण तो प्रश्नच नव्हता.) लोक हसले. ते पण हसले. मग बाहेर गेले आणि जानेवारीचा अख्खा महिना उपासनेला आले नाहीत. आमचे हे शेवटी स्कूटर काढून त्यांच्या घरी गेले. प्यायले नव्हते. पण त्या दिवशी चर्चमधून निघून ते गुत्त्याच्या समोर अर्धा तास उभे होते, त्यांनीच सांगितलं. आणि चर्चला का नाही आलात तर म्हणाले, तिथे तो वास कधी येईल सांगता येत नाही, आणि आला तर लोक हसतात.

रम नाही गं बोचली मला, तो शेवटचा शब्द बोचला. तेव्हापासून आमच्या घरी फळं संत्र्याच्या रसात भिजतात. केक चांगला होतो, पण पहिल्यासारखा होत नाही, मुलगा दर वर्षी बोलून दाखवतो, आणि ते गृहस्थ तर आता पुण्यात नाहीतसुद्धा. मी रम परत आणू शकते. आणली नाही, एवढंच.

म्हणून तुझ्या पत्रातलं "तीपण हसली" वाचलं आणि मी समजले.

अजून एक गोष्ट, जरा कडू आहे. तू तिला म्हणालीस मूर्ती म्हणजे काही नाहीच, आणि सगळ्या हसलात. समजा त्या वेळी काकू तुझ्या दारात उभ्या असत्या डबा घेऊन? बारा वर्षं पहाटे उठून उकड काढणारी बाई, तिच्या हातचं खायचं आणि तिच्या देवावर ग्रुपमध्ये हशा पिकवायचा, हे कुठल्या प्रीतीत बसतं? श्रद्धा नाही पटत, ठीक आहे, आपली वाट वेगळी आहे हे काकूंनाही माहितीये. पण एका वाक्यात तू दोघींना दुखावलंस, एक समोर होती आणि एक भिंतीपलीकडे. पौल अध्यायाच्या सुरुवातीलाच म्हणून ठेवतो की ज्ञान फुगवतं आणि प्रीती बांधते. आपण तिसऱ्या-चौथ्या पिढीतले लोक जरा फुगलेले असतो हे मान्य करू या, मी स्वतःला धरूनच म्हणते.

कारण बघ ना, तुला प्रसाद खाऊन काही वाटत नाही ते का? तुझा विश्वास फार मोठा म्हणून? मला वाटतं तुला त्याची किंमत कधी मोजावी लागली नाही म्हणून. ती तुझ्या पणजोबांनी मोजली, वाळीत पडून म्हण, वाटणीतून नाव जाऊन म्हण. ही मुलगी आत्ता मोजतेय, रोज, स्वतःच्या आईच्या ओट्यापाशी उभी राहून. पत्रात पौल अशा माणसाला दुर्बळ म्हणतो, पण खरं सांगू का, तुम्हा दोघींत जोर कोणाला लावावा लागतोय ते बघितलं तर मला तो शब्द तिला लावायला जीभ वळत नाही. तूही तिच्यासमोर तो वापरू नको, चुकूनसुद्धा.

मनाला वेळ लागतो. आपल्या घराघरांत ज्यांच्या गोष्टी सांगतात त्या टिळक जोडप्याचंच बघ. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधे पाच वर्षं. त्यातला बराच काळ ताटातुटीत गेला, आणि पुन्हा एकत्र राहायला लागल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळं-ओवळं चालूच होतं, एका घरात दोन पद्धती. ते सोवळं सुटलं ते त्यांचं त्यांनाच पटलं तेव्हा, नवऱ्याने वाद जिंकला म्हणून नाही. तुझ्या त्या मुलीला तर जेमतेम दोन वर्षं झालीत.

आता तुझा दुसरा प्रश्न, की एकीचं ऐकलं तर उद्या टिकली, परवा जीन्स. यात तुझी भीती खोटी नाही, आपल्या मंडळ्यांमध्ये अशा मावश्या-काका भरपूर आहेत ज्यांना दर रविवारी नवीन अडखळण होतं. (टिकलीवरून तर मी दोन लग्नांत रुसवे पाहिलेत आणि त्यातल्या एका लग्नात रुसलेली मीच होते.) पण पौल दोन्हीकडे सारखा वागलेला नाही बघ. तीमथ्य नावाच्या सोबत्याला बरोबर न्यायचं होतं तेव्हा त्या भागातल्या यहुद्यांकडे बघून त्याची सुंता केली, आणि तीत नावाच्या दुसऱ्या सोबत्याच्या बाबतीत काही लोक सुंतेसाठी मागे लागले तेव्हा मुळीच ऐकलं नाही. आणि अंत्युखिया शहरात तर खुद्द पेत्र, येशूचा शिष्य, यहुद्यांकडची काही माणसं आली म्हणून यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठला तेव्हा पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. म्हणजे "लोक काय म्हणतील" म्हणून मागे सरणं हे नेहमी प्रेमच असतं असं नाही, कधी कधी ती नुसती भीती असते आणि तिच्यापायी दुसऱ्याच कोणालातरी पंगतीतून उठवलं जातं. मी स्वतःला एकच विचारते, हा माणूस माझ्यामुळे पडणार आहे की नुसता कपाळाला आठ्या घालणार आहे? आठ्या घालणाऱ्यांना मी चहा देते आणि टिकली तशीच ठेवते.

चहावरून आठवलं. तुझं माहेर नाना पेठेत म्हणजे गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन तुला हाकेच्या अंतरावर. तिथे १८९० साली व्याख्यानाला गेलेल्या पुण्यातल्या बड्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, रानडे होते, लोकमान्य होते, आणि नंतर त्यांची नावं पेपरात छापून आली, वाळीत टाकण्याचं केवढं मोठं ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. नावं छापणाऱ्याला कोणाच्या श्रद्धेची काळजी होती असं मला तरी वाटत नाही, त्याला गंमत बघायची होती. पण रानड्यांनी दोन वर्षांनी प्रायश्चित्त घेतलं. चहा पिण्यात पाप आहे असं त्यांना वाटत नव्हतं, त्यांच्याबरोबर अडकलेल्या मित्रांची घरची अडचण सुटावी म्हणून घेतलं, आणि सुधारकांनी त्यासाठी त्यांना बोल लावले. आता ते झुकणं प्रेमाचं होतं की दबावाचं? मी इतकी वर्षं तिथल्या चर्चच्या टॉवरखालून जाते आणि माझं उत्तर अजून बदलत असतं. सांगायचं म्हणजे तुझा गोंधळ काही वेगळा नाही, या पेठांना तो जुनाच आहे.

बरं, आता कर काय ते.

तिला फोन नको, मेसेज तर अजिबात नको, जाऊन भेट. तिच्या घरी नको, तिथे आई असेल, बाहेर कुठेतरी बसा, आणि बायबल पर्समध्येच राहू दे. समजावू नको. मी असं म्हणाले कारण मूळ ग्रीकमध्ये वगैरे, नको. "तुझ्या भावना दुखावल्या असतील तर" हे तर नकोच, त्या "तर"मध्ये सगळी माफी गळून जाते. सरळ म्हण, तू प्रश्न मनापासून विचारलास आणि मी हसण्यावारी नेला, चुकलं माझं. स्टेटसचंही म्हण. खाण्याबद्दल तुला आतून चूक वाटत नसेल तर उगाच खोटं रडू नको, तिला ते कळेल.

आणि तिला एक गोष्ट मात्र नक्की सांग, आईकडे खाल्लं म्हणून ती तुटलेली नाही. पेत्राने तर तीनदा ओळख नाकारली होती, आणि नंतर प्रभूने तळ्याच्या काठी निखाऱ्यावर मासे भाजून त्याला न्याहारीला बोलावलं. आधी खाऊ घातलं, मग विचारलं माझ्यावर प्रेम करतोस का. हे तिला सांगताना तुझ्याही लक्षात येईल की तिथे हसणारं कोणी नव्हतं.

पण तिला "मोकळं" करायला जाऊ नको. म्हणजे बघ मी खाते, तूही खा, काही होत नाही, असं. पौलाच्या रोमकरांना लिहिलेल्या पत्रात चौदाव्या अध्यायात स्पष्ट आहे, मनात शंका ठेवून खाल्लं तर तेच दोषाचं ठरतं. तिने पुढच्या वर्षी आईकडे काय करायचं ते तिचं तिला ठरवू दे, वेळ लागला तर लागू दे. आईशी अबोला होऊ नये म्हणून काय करता येईल याबद्दल मात्र बोल तिच्याशी, आदल्या दिवशी जाऊन नारळ खवून देणं, आरास करायला मदत, आईचं मन बऱ्याचदा हातभाराने निवळतं, ताटात काय उरलं याच्यापेक्षा.

आणि काकू. माझ्या मते पुढच्या गणपतीत तू प्रसाद घेऊ नको. जन्मभराचं मी नाही म्हणत, ही मुलगी तुझ्या ग्रुपमध्ये आहे आणि जखम ओली आहे तोवर. स्टेटस टाकला नाही आणि गुपचूप खाल्ला तर चालेल का असं तुझ्या मनात आलंच असेल, रोमकरांच्या पत्रातल्या त्याच अध्यायात तेवढी जागा आहेही, तुझा जो विश्वास तो तुझ्या आणि देवाच्या मध्ये ठेव म्हणून. पण पुण्यातली सोसायटी आहे बाई, तुझ्याकडे काल काय शिजलं ते वॉचमनला माहीत असतं.

काकूंना आधीच सांग, डबा दारात आल्यावर नाही, श्रावणातच कधीतरी. खरं कारण सांग. आमच्यात एक मुलगी नवीन आहे, तिला माझ्या वागण्याने त्रास झाला, म्हणून मी काही दिवस प्रसाद घेत नाहीये. तुला वाटतंय त्या दुखावतील, कदाचित दोन दिवस दुखावतीलही. पण जी बाई स्वतः चातुर्मासात कांदा-लसूण सोडते तिला दुसऱ्यासाठी किंवा देवासाठी एखादी गोष्ट सोडणं म्हणजे काय हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. एक मात्र करू नको, "नैवेद्याच्या आधीचे माझ्यासाठी बाजूला काढा" असं सांगू नको. आपल्याला ती सोपी पळवाट वाटते, पण नैवेद्याआधी कोणी खाल्लं तर त्यांच्या लेखी ते उष्टं, म्हणजे तुझा नियम पाळायला तू त्यांचा मोडायला लावणार. त्यापेक्षा गणपती बघायला जा, बस, चहा पी, सजावटीचं कौतुक कर. मोदक त्या नंतर एखाद्या रविवारी नुसते खायचे म्हणूनही करतील, बायका करतात गं असं, सांगून तर बघ.

आणि जन्मभर बंद का, मोकळीक कसली, हे जे तू विचारलंस ना, ते वाचताना मला तुझ्याच पत्रातला केक दिसत होता. बारा वर्षं बिनअंड्याचा केक वेगळा करतेस काकूंसाठी. वेगळं भांडं घेत असशील, ओव्हनमध्ये वेगळा घालत असशील. कधी वाटलं का तुला की माझी अंड्याची मोकळीक गेली? पत्रात तर तू ते एका ओळीत उरकलंस, इतकं ते तुझ्या अंगवळणी पडलंय. त्या मुलीसाठी तेवढंच करायचंय.

या नाताळात तिला केक करायला बोलाव. आणि काकूंचा मोदकांचा डबा अजून तुझ्याकडेच असणार, मला खात्री आहे, तो रिकामा परत करू नको.

– मावशी